उजेडाचा बिल्ला: प्रकल्प नोंदी, सांगली–मिरज

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपवून विभागात आलो तर मिरजेच्या मॅडमचा निरोप होता. मॅडम मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिक आमच्या कॉलेजपासून वडापनं अर्ध्या तासावर. त्यांची अडचण अशी: डिप्रेशनच्या पेशंटला त्या सांगतात, सकाळी उठून अर्धा तास बाहेर उजेडात बसा. पुढच्या खेपेला पेशंट म्हणतो बसलो, घरचे म्हणतात हा तर उठतच नाही. "सर, कोण खोटं बोलतंय ते मला नकोय. किती उजेड मिळाला तेवढं कळू दे."

ठरलं ते असं. अंगावर लावायचा छोटा बिल्ला, दर मिनिटाला उजेड टिपणारा, दोन आठवडे चार्जिंगला न लावता चालणारा. १० नग. पैसे अर्धे मॅडमचे, अर्धे विभागाच्या प्रोजेक्ट फंडातले. शेवटच्या वर्षाच्या दोन मुली प्रोजेक्ट म्हणून घेतायत. वही मी लिहिणार, कारण मागच्या तीन प्रोजेक्टांत नेमकं काय चुकलं ते आज कुणालाच आठवत नाही.

१९ नोव्हेंबर

मॅडमनी आम्हा तिघांना तासभर शिकवलं. उजेड आणि उदासी म्हटलं की मला युरोप-अमेरिकेतला हिवाळा आठवायचा. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळी डिप्रेशनचं वर्णन केलं ते अमेरिकेत, जिथं डिसेंबरात दिवस आखडतो. सांगलीत वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा ११ तासांहून थोडा मोठाच असतो. मग इथं उजेडाचा तुटवडा कुठून आला, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सूर्य कमी पडत नाही ओ. माणूस घरात असतो."

आमच्या कामाचं त्यांनी जे सांगितलं ते असं. डोळ्याच्या पडद्यात बघण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात, ज्या स्वतःच उजेड ओळखतात आणि तो निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाला पोचवतात. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं. या पेशी अशा वागतात हे २००२ मध्ये पक्कं झालं. त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड. बाजारातला लक्स मीटर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) बनवलेला असतो तो बघणाऱ्या डोळ्यासाठी, त्याचं शिखर ५५५ वर, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात. त्यामुळे पिवळा बल्ब आणि दुपारची सावली मीटरवर एकच आकडा दाखवतील, पण शरीराच्या घड्याळाला त्यातली एकच गोष्ट नीट दिसेल.

यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचं २०१८ चं मानक आहे. मोजमापाचं नाव मेलॅनोपिक समतुल्य लक्स. वहीत मी 'मे-लक्स' लिहीन. जुन्या तारेच्या बल्बचे १०० लक्स म्हणजे साधारण ५० मे-लक्स. दिवसाच्या उजेडाचे १०० लक्स म्हणजे जवळपास १०० मे-लक्स.

म्हणजे दीडशे रुपयांचा साधा सेन्सर बाद. मुलींचे चेहरे उतरले, बजेट त्यांनी आधीच मांडलं होतं.

२९ नोव्हेंबर

सेन्सर ठरला: एएस ७३४१. दिसणाऱ्या उजेडाचे आठ पट्टे वेगवेगळे मोजतो, त्यातला एक नेमका ४८० नॅनोमीटरवर. ब्लूटूथची चिप एनआरएफ ५२८३२. सोबत हालचाल टिपणारा एलआयएस ३ डीएच. हा तिसरा मी हट्टानं घातला. बिल्ल्याला अंधार दिसला, तर माणूस झोपलाय की बिल्ला कपाटात पडलाय हे उजेडावरून कळणार नाही.

मॅडमनी ऑनलाइन घेतलेला थेरपीचा दिवा तपासायला दिला होता. खोक्यावर १०,००० लक्स. १० सेंटिमीटरवर मीटर लावला तर ९,८०० आले, म्हणजे खोटं काहीच नाही. पण १० सेंटिमीटरवर तोंड धरून अर्धा तास कोण बसतं? ४० सेंटिमीटरवर १,३००. मग मीटर घेऊन विभागाच्या व्हरांड्यात आलो आणि सकाळी ९ वाजता, सावलीत, कठड्याकडे तोंड करून धरला: ३,१००. व्हरांडा फुकट आहे.

उपचाराचं प्रमाण १०,००० लक्सला अर्धा तास असं आहे, आणि ते डोळ्याशी मोजायचं असतं. कॅनडातल्या १२२ जणांच्या अभ्यासात (२०१६, जामा सायकिअ‍ॅट्री) हिवाळ्याशी संबंध नसलेल्या डिप्रेशनमध्येही दिव्याचा उपयोग दिसला, गोळीसोबत दिला तेव्हा आणखी. मॅडम या अभ्यासाचा हवाला देतात तेव्हा हेही सांगतात की गोळ्या बंद करून उन्हात बसायला त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. हे वाक्य त्यांनी मला वहीत लिहायला लावलं.

९ डिसेंबर

पहिला नमुना रात्रभर बंद कपाटात ठेवला. सकाळी बघतो तर सलग ६ लक्स. कपाटात उजेड? सॉफ्टवेअर दोनदा तपासलं, शून्याची दुरुस्ती करून बघितली, सेन्सरच खराब आला म्हणून विक्रेत्याला पत्र लिहायला घेतलं. मग दोघींपैकी धाकटीनं प्रयोगशाळेचे दिवे घालवले आणि डबीच्या फटीत डोळा लावला. सेन्सरच्या बोर्डावर 'चालू आहे' असं सांगणारा कणभर हिरवा एलईडी, आणि त्याचा उजेड वरच्या झाकणावर आपटून सेन्सरमध्ये जात होता. उजेड मोजणारं यंत्र स्वतःचाच उजेड मोजत बसलं होतं. एलईडी खरवडून काढला. आकडा शून्य.

२० डिसेंबर

सेन्सरवर तिरका उजेड नीट मोजला जावा म्हणून वर काहीतरी दुधी लागतं. प्लंबर वापरतात तो टेफ्लॉन टेप, सहा थर, मस्त चालला. पण खिशात घासून सुटतो. म्हणून दुधी अ‍ॅक्रिलिकची चकती कापून बसवली. गच्चीवर भर दुपारी सेन्सर आडवा ठेवून लक्स मीटरशी ताळा केला, ७०–८० हजारांत दोघं आठ टक्क्यांच्या आत. पुरे. आपल्याला इथं ८ लक्स की ८०० हे कळायचंय, ८०० की ८५० हे नाही.

३ जानेवारी २०२५

एथिक्स कमिटी. आमचं संमतीपत्रक परत आलं, आणि बरं झालं. मी लिहिलं होतं: "सहभागी व्यक्तीच्या प्रकाश-संपर्काचे परिधानयोग्य उपकरणाद्वारे सातत्यपूर्ण मापन करण्यात येईल." समितीतले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, हे मला कळलं नाही, तर हळद पोत्यात भरणाऱ्या माणसाला काय कळणार?"

नवं लिहिलं: "हा बिल्ला तुमच्या अंगावर किती उजेड पडतो ते टिपतो. तुमचा आवाज, फोटो किंवा तुम्ही कुठं आहात हे टिपत नाही. नको वाटला तर कधीही काढून परत द्या, उपचार थांबणार नाहीत." मंजूर. (यातलं एक वाक्य पुढं चुकीचं निघालं. २८ फेब्रुवारी बघा.)

१५ जानेवारी

काल संक्रांत, म्हणून घरातल्यांवरच चाचणी घेतली. बायको, आई, मोठ्या मुलीची नणंद आणि मी, चौघांच्या गळ्यात बिल्ले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारून विचारून हैराण केलं, ते असो.

निकाल वाचताना हसू आलं. आई सकाळभर अंगणात होती, आम्ही सगळ्यांनी बघितली. तिच्या बिल्ल्यात सकाळी ७ ते १० उजेड: १५ लक्स. पदर! बिल्ला गळ्यात, त्यावर पदर, वर थंडीची शाल. बाहेरच्या शोधनिबंधांत लिहिलेलं असतं की मनगटावरचा सेन्सर बाहीखाली जातो, गळ्यातला बरा. शर्ट-पँटवाल्याला गळ्यातला बरा. नऊवारी, पाचवारी, ओढणी, स्वेटर, उपरणं, यांचा विचार तिथं कुणी केलेला नाही.

आईनंच उपाय काढला. खांद्यावर पदराला पिन लावतात तिथं, पदराच्या वरून. तिथून डोळा वीतभर अंतरावर आणि समोर बघतो तिकडंच बिल्लाही बघतो. डबीला मागून सेफ्टी पिन चिकटवायची. पुरुषांना शर्टाच्या कॉलरला क्लिप. चष्म्याच्या काडीवर लावला तर आणखी अचूक, पण मॅडम नको म्हणाल्या. आधीच लोकांच्या नजरा चुकवत क्लिनिकचा जिना चढणाऱ्या माणसाच्या तोंडावर यंत्र लावायचं नाही.

६ फेब्रुवारी

पहिले आठ बिल्ले दिले. प्रत्येकाला दोन आठवडे. सोबत एक कागद, त्यावर रोज रात्री मनाला कसं वाटलं त्याचा ० ते १० मध्ये आकडा आणि झोपेची वेळ.

शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. आमच्याकडं उत्तर नव्हतं, त्यांच्याकडं होतं. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार म्हणाले, "हवामानाचं यंत्र हाय म्हणून सांगतो की. बागंत एक हायच, हे अंगावरचं." बागांमध्ये हवामान केंद्रं बसवलेली असतात, त्यामुळे कुणाला शंका येणार नाही. एक आज्जी साखर तपासायचं मशीन म्हणून सांगणार आहेत. अभिमान वाटावा की वाईट वाटावं ते ठरलं नाही.

१९ फेब्रुवारी

पहिला डेटा. आठांपैकी एका बिल्ल्याचं घड्याळ मधेच शून्यावर गेलं, नातवानं सेल काढून रिमोटला घालून बघितला होता. बाकी सात चांगले.

तुलनेसाठी मॅडमनी एक शिफारस धरलीय. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटानं 'प्लॉस बायॉलॉजी'त मांडलेली: दिवसा डोळ्याशी किमान २५० मे-लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १. निरोगी माणसांसाठीची आहे ती, उपचाराची नव्हे, पण मोजपट्टी म्हणून ठीक.

सातपैकी पाच जणांचा दिवस बराच वेळ २५० च्या खाली. आणि संध्याकाळी? तिथं उलट, सगळेच १० च्या वर. आपल्या घरांचं हेच आहे. दिवसा उकाडा आणि धूळ नको म्हणून खिडक्या बंद, आत ४०–६०. दिवेलागणीनंतर पांढरीफेक ट्यूब, १५०. घड्याळाच्या दृष्टीनं यांची दुपार रात्री ८ वाजता उगवते.

आज एक गोष्ट पटली. मॅडमचे पेशंट खोटं बोलत नव्हते, आणि घरचेही नव्हते. नंबर ३ चे पेशंट रोज सकाळी ७ ला 'बाहेर' बसायचे. ते बाहेर म्हणजे सोप्यात, दाराला जाळी, वर पत्रा, पुढं चिंचेचं झाड. १९० लक्स. त्यांना सांगितलं, खुर्ची आठ फूट पुढं घ्या. दुसऱ्या दिवशी २,६००.

२८ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर लिहितोय.

नंबर ५, बत्तीस वर्षांच्या बाई. त्यांचे यजमान बिल्ला परत द्यायला एकटेच कॉलेजवर आले. क्लिनिकवर द्यायचा असतो, पण आले. मी कौतुकानं लॅपटॉपवर आलेख काढून दाखवला, ही सकाळ, ही दुपार, हा स्वयंपाकघराचा उजेड. ते वाकून बघत होते. मग बोट ठेवलं. मंगळवार, दुपारी २ वाजून १० मिनिटं. आलेख ५० वरून सरळ वीस हजारांवर, पुढं चाळीस मिनिटं तिथंच.

"ही बाहेर गेलती व्हय?"

मी गप्प. ते शांतपणेच विचारत होते, रागावून नाही. "आनि रोजचं असं बघायला मिळंल का आम्हाला? मोबाईलवर?"

मी आलेख बंद केला, काहीतरी बोललो, त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मॅडमना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी ती माझ्याकडं आली होती. एकटी. पहिल्यांदाच."

संमतीपत्रकात आम्ही छापलंय की तुम्ही कुठं आहात हे बिल्ला टिपत नाही. जीपीएस नाही, माईक नाही, म्हणून निर्धास्त होतो. पण घरात ५० आणि बाहेर २०,००० असतील तर उजेड हाच पत्ता सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ नुसार उपचारांबद्दलची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. मी तो लॅपटॉप उघडून मोडला.

आजपासून बदल:
आलेख कुणालाही दाखवायचा नाही, पेशंट सोडून. बिल्ला फक्त क्लिनिकवर परत घ्यायचा. मिनिटामिनिटाचा तक्ता मॅडमकडे कुलपात. घरी न्यायच्या कागदावर फक्त 'सकाळचा उजेड किती मिनिटं, रात्रीचा किती', आठवड्याची बेरीज. नातेवाइकांसाठी मोबाईल अ‍ॅप करायचं मुलींचं ठरलं होतं, त्यासाठी त्यांनी तीन आठवडे घातले होते. रद्द. मोठी थोडी रडली. मग तिनंच पत्रकात नवं वाक्य लिहिलं: "तुम्ही घरात होता की बाहेर, हे उजेडावरून ओळखू येतं. म्हणून हे फक्त तुम्हाला आणि डॉक्टरांना दिसेल."

समितीकडे मी लेखी कळवलं, काय झालं ते न झाकता.

१२ मार्च

नंबर ९ हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाल. हळदीचा हंगाम ऐन भरात आहे, यार्डात नुसतं उभं राहिलं तरी शर्ट पिवळा. त्यांचा दुसऱ्या आठवड्याचा डेटा विचित्र. एकूण लक्स जवळपास पहिल्याएवढेच, पण निळ्याकडचे पट्टे रोज थोडे थोडे खाली. ४१५ आणि ४४५ तर निम्म्यावर, ४८० त्यामागोमाग. सेन्सर म्हातारा होतोय असं वाटावं.

बिल्ला हातात आला आणि कोडं सुटलं. दुधी चकती केशरीसारखी पिवळी. हळद निळा उजेड खाते, म्हणूनच ती आपल्याला पिवळी दिसते. आमच्या यंत्राला हळदीचा मोतीबिंदू झाला होता.

१७ मार्च

धुळवडीच्या सुट्टीआधी धाकटीला सांगून गेलो होतो, चकती धुऊन ठेव. तिनं कपड्याच्या साबणानं घासली. चकती लाल. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये हे कुणी शिकवत नाही, पण हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे घरोघरी माहीत असतं. साबणातल्या क्षारानं तेच केलं. आता तांबडा मोतीबिंदू.

आईला गंमत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "हळदीचा डाग कधी घासून जातो का? साध्या पाण्यानं विसळा आणि उन्हात टाका." दोन दिवस गच्चीवर टाकली. चकती पांढरी! पुन्हा ताळा केला, ४८० चा पट्टा मूळच्या तीन टक्क्यांत आला. हळदीतला कर्क्युमिन उन्हात मोडतो, हे नंतर वाचलं. आईला मार्गदर्शक म्हणून अहवालात नाव हवं का विचारलं. तिनं विचारलं, मानधन किती.

यार्डवाल्यांच्या बिल्ल्याला रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं आणि दर आठवड्याला चकती बदलायची, असा नियम केला.

२२ मार्च

हळदीच्या चकतीवरून मॅडमना एक सुचलं. नंबर ६ म्हणजे त्या साखरेच्या मशीनवाल्या आज्जी. वय ७१, मालक जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून अंथरूण धरलेलं. औषधानं थोडा फरक. बिल्ल्यावर त्यांचा उजेड चांगला दिसतो, नात रोज ओट्यावर बसवते, १,००० च्या वर पाऊण तास. तरी पहाटे तीनला जाग आणि संध्याकाळी सातला डुलक्या, बदल नाही.

मॅडमनी टॉर्च घेऊन डोळे बघितले. दोन्हींत मोतीबिंदू, पिकलेला. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि आधी निळा उजेडच अडवतं. आम्ही पदरावरचा उजेड मोजून खूश होतो. भिंगाच्या पलीकडं किती पोचतो ते कुठल्याच बिल्ल्यात येत नाही. आज्जींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. आज्जी म्हणाल्या, पावसाळ्यानंतर बघू. नात म्हणाली, मे महिन्यात.

डेटाच्या तक्त्यात आजपासून तीन रकाने जास्त: वय, मोतीबिंदू, डोळ्याचं ऑपरेशन झालं असल्यास कधी. पहिल्याच दिवशी हवे होते.

९ एप्रिल

नंबर २, तासगावकडचे तेच बागायतदार. बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद; लिथियम या औषधावर, चार वर्षं ठीक. पहिल्या फेरीत सगळं व्यवस्थित होतं म्हणून त्यांनी स्वतःहून दुसरी फेरी मागितली. सध्या खरड छाटणीची धांदल.

बायपोलरमध्ये मॅडम उजेड वाढवताना जपून असतात. सकाळचा जोरदार उजेड काहींना उदासीतून थेट उन्मादाकडं ढकलू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या ४६ जणांच्या अभ्यासात म्हणूनच दुपारी, १२ ते अडीचच्या दरम्यान, ७,००० लक्स दिला होता, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आधारावर. मॅडम तोच धडा वापरतात. सांगलीचा सूर्य घड्याळात साडेबाराच्या पुढं माथ्यावर येतो, म्हणून इथं जेवणानंतरची वेळ. एप्रिलच्या उन्हात कुणी बाहेर बसणार नाही, तेव्हा सावलीत.

आम्ही उजेडाचा आलेख बघत होतो, त्यात काही वावगं नव्हतं. रात्री शून्य. म्हणजे छान, अंधार, झोप. मोठीनं हालचालीचा रकाना उघडला: रात्री १ ते ४, चाल, चाल, चाल. आठवडाभर. कपाळावर बॅटरी बांधून रानात फिरताना उजेड पुढं पडतो, कॉलरवरच्या बिल्ल्याला अंधारच दिसतो. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची, मोटर चालू करायला आणि पाणी फिरवायला जावंच लागतं. दिवसा छाटणीची माणसं. झोप तीन तास. आणि कागदावर मूडचा आकडा ६, ७, ९, १०, १०.

तो दहा बघून मॅडमनी त्याच दुपारी फोन लावला. बोलणं भरभर, बागेत शेडनेटचा मोठा बेत, उद्या बँकेत जाणार. त्यांना आणि भावाला संध्याकाळीच बोलावून घेतलं, औषधात बदल केला. मुख्य अट, रात्रीचं पाणी भाऊ बघणार.

नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उन्मादाच्या रुग्णांना संध्याकाळी ६ ते सकाळी ८ केशरी चष्मे घातले होते, आठवड्यात चांगला फरक पडला. मी उत्साहानं चष्मे मागवू का विचारलं. मॅडम म्हणाल्या, "वॉर्डात ठीक आहे. रानात रात्री केशरी चष्मा घालून साप दिसायचा कसा?"

१६ एप्रिल

नंबर २: झोप सहा तास. आकडा ६. बँकेत गेले नाहीत.

५ मे

संध्याकाळच्या उजेडावर काम. प्रत्येक घरचे म्हणतात, मोबाईलमुळं झोप गेली. तपासलं. मोबाईल पूर्ण उजेडावर, डोळ्यापासून फूटभर: २० च्या आसपास मे-लक्स. टीव्ही, नऊ फुटांवरून: ५. डोक्यावरची पांढरी ट्यूब: १४०. मोबाईलनं झोप उडते ती त्यातल्या भांडणांनी उडत असेल, उजेडाचा मोठा वाटा छतावर आहे. शिव्या चुकीच्या वस्तूला पडतायत.

उपाय स्वस्त निघाला. जेवणं झाल्यावर ट्यूब बंद, कोपऱ्यात खाली पिवळा छोटा बल्ब. आपल्याकडं जुना झिरोचा बल्ब असायचा, उशीशी मोजला तर १ च्या आत. देवघरातली समई, तीन फुटांवर: २. तुळशीपुढं दिवा लावून ओट्यावर गप्पा मारत बसणाऱ्या आजीचं घर आपोआप शिफारशीत बसत होतं. पण मी उगाच जुन्याचे गोडवे गाणार नाही. त्याच आजी चुलीपुढं धुरात डोळे घालवून बसल्या होत्या.

एका सासूबाईंनी पिवळ्या बल्बला साफ नकार दिला: "अंधारात बसायला घरात कोण गेलंय का?" यावर आमच्याकडं कुठलंच यंत्र नाही.

२९ मे

यंदा मे महिन्यातच पावसानं धरलं. चार बिल्ल्यांत ओल शिरली, एकात बुरशी. सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, झाकणाला रबराची कडी. मुलींची तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, यात एआय कुठंय?

१८ जुलै

आठवडाभर झड. कृष्णेचं पाणी चढतंय, आयर्विन पुलाखाली रोज माणसं बघायला उभी. २०१९ ची आठवण असल्यानं नदीकाठच्या दोन पेशंटनी बिल्ले स्वतःहून परत आणून दिले, "पुरात गेला तर तुमचं नुकसान."

झडीतला डेटा माझ्या अंदाजाच्या उलट. सगळे म्हणतात उजेडच नाही, मन लागत नाही. आकाश काळं, पण दुपारी १२ ला बाहेर छत्रीखाली ४,००० ते ६,०००. दार उघडं ठेवून उंबऱ्याशी: ७००. दार लावून आत: २५. झडीत आपण दार लावतो, तिथंच घोळ होतो. पेशंटच्या कागदावर आता एकच ओळ छापलीय: उंबऱ्याशी बसून भाजी निवडा.

नंबर ५ च्या बाई तपासणीला आल्या होत्या, एकट्या. बिल्ला पुन्हा घेणार का विचारलं. नको म्हणाल्या. का, ते आम्ही विचारलं नाही. कागदावरचा मूडचा आकडा मात्र त्या रोज लिहितात, मागच्या आठवड्यात दोनदा ७.

२१ ऑगस्ट

आज्जींचं, म्हणजे नंबर ६ चं, एका डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, दुसरं दिवाळीनंतर. काल त्यांचा बिल्ला परत आला. ओट्यावरचा वेळ तोच, पाऊण तास. उजेड उलट कमी, पावसामुळं. पण कागदावर पहाटेची जाग तीनवरून पावणेपाचवर आलीय आणि सातच्या डुलक्या थांबल्यात. मॅडम म्हणतात, यातलं डोळ्याचं किती, औषधाचं किती आणि नातीनं रोज धरून बसवण्याचं किती, हे एका आज्जीवरून सांगता येणार नाही. बरोबर आहे. तक्त्यात एक ओळ म्हणून लिहिलं.

जाताना आज्जी म्हणाल्या, घराची भिंत पिवळी पडली म्हणून त्या दोन वर्षं सुनेला बोलत होत्या. पट्टी काढल्यावर बघितलं तर भिंत पांढरीच.

"मग सुनेला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? बोलले नाही अजून."

बिल्ला ६ ची चकती बदलायची आहे. सेफ्टी पिन गंजलीय, तीही.